शेऱ्याचा रकाना : घरातून ऑनलाइन विक्री करणाऱ्या मैत्रिणींना खुले पत्र

मैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची. गेली आठ वर्षं घरातून खणाचे ब्लाऊज आणि परकर-पोलकी विकते, आणि पौष लागला की हलव्याचे दागिने. खण गुळेदगुड्डहून येतो, शिलाई आमच्याच गल्लीतल्या तिघीजणी करतात, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टाग्रामवर येतात. तुमच्यातल्या कितीतरी जणींशी प्रदर्शनात माझा स्टॉलला स्टॉल लागलेला आहे. कुणाचे फराळाचे डबे, कुणाच्या गोधड्या, कुणाचं उटणं, कुणाची मेतकूट-भाजणी. घर सांभाळून उभे केलेले धंदे आहेत हे, आणि मला त्यांचा मनापासून अभिमान आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी ठाण्याच्या एका काकूंनी माझ्याकडून तीन ब्लाऊज घेतले. सत्तरी ओलांडलेल्या, जुन्या गिऱ्हाईक. पार्सल निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फोन आला. बोलणारा स्वच्छ मराठीत बोलत होता. सांगलीहून तुमचं पार्सल आलंय, तीन ब्लाऊज आहेत, २,८५० रुपयांचं आहे, पिनकोड चुकल्यामुळे अडकलंय, दुरुस्तीचे पाच रुपये भरा, लिंक पाठवतो. काकूंनी लिंक उघडली. तिच्यातून एक ॲप फोनमध्ये उतरलं. संध्याकाळपर्यंत खात्यातून १८,४०० रुपये गेले. त्यांच्या भाचीने लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली म्हणून काही रक्कम वाटेत गोठवता आली, बाकीची गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी काकूंचा मला फोन आला. ओरडायला नव्हे. उलट त्यांनाच चोरट्यासारखं झालं होतं. म्हणाल्या, "अगं, त्याला रंगसुद्धा माहीत होता. मोरपंखी, जांभळा आणि चिंतामणी. म्हणून मला वाटलं, तुझाच माणूस."

तुझाच माणूस. हे दोन शब्द मी कितीतरी रात्री ऐकत होते.

त्या दिवशी मी माझी ऑर्डरींची गुगल शीट उघडली आणि पहिल्यांदा ती परक्याच्या नजरेने वाचली. आठ वर्षांच्या ऑर्डरी, दोन हजारांच्या वर ओळी. नाव, फोन, पत्ता, माल, रंग, रक्कम. आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना. तो मी फार प्रेमाने भरत आले होते. गिऱ्हाईक लक्षात राहावं, पुढच्या वेळी आपलेपणाने विचारपूस करता यावी म्हणून. त्या रकान्यात काय होतं? 'दुपारी २ ते ४ घरी एकट्याच, बेल जोरात वाजवा.' 'मुलगा परदेशी, बिल्डिंगला वॉचमन नाही.' 'सासूबाईंना कळू द्यायचं नाही, पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर.' 'बाळंतपणानंतरचं माप, छातीत दोन इंच वाढवून.' 'पैसे दोन हप्त्यांत, मिस्टरांची नोकरी गेली आहे.'

हे सगळं बायकांनी मला विश्वासाने सांगितलेलं. आणि त्या फाइलला शेअरिंग होतं 'लिंक असेल त्या कुणालाही'. कोविडच्या काळात पॅकिंगला येणाऱ्या मुलीला घरून काम करता यावं म्हणून मी ते तसं ठेवलं, आणि नंतर कधी बदललंच नाही. लिंक कुणाकुणाकडे गेली याची वहीत यादी करायला बसले. पॅकिंगच्या दोघी, त्यातली एक लग्न होऊन गेलेली. कुरिअरच्या फ्रँचायझीतला मुलगा, त्याच्यानंतर आलेला मुलगा. माझा भाचा. जाहिराती करून देतो म्हणून तीन महिने काम केलेला एक जण. हिशेब लिहिणाऱ्या बाई. शिलाईवालीचा मुलगा, कारण तिला शीट वाचता येत नाही. आठ नावं झाली, आणि त्यांनी ती पुढे कुणाला पाठवली ते मोजायची सोयच नव्हती.

काकूंची माहिती माझ्याच शीटमधून गेली, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पार्सलवरचं लेबल किती हातांतून जातं ते तुम्हालाही ठाऊक आहे. पण लेबलवर रंग लिहिलेला नसतो. रंग माझ्या शीटमध्येच होता.

मैत्रिणींनो, एखादी बाई आपल्याला पत्ता देते तेव्हा ती तो एका पार्सलपुरता देते. शेजारणीकडून पुरणयंत्र आणावं तसा तो उसना असतो. काम झालं की धुऊनपुसून परत करायचा. आपण काय करतो? पुरणयंत्र आपल्याच फडताळात ठेवतो, आणि उद्या तिसऱ्याच कुणी मागितलं तर तिला देऊनही टाकतो. वस्तूच्या बाबतीत आपण असं स्वप्नातही वागणार नाही. नंबरच्या बाबतीत रोज वागतो, कारण नंबर दिला तरी आपल्याकडचा कमी होत नाही.

प्रदर्शनातलंच बघा. स्टॉलच्या कडेला एक रजिस्टर उघडं पडलेलं असतं, पेन दोरीने बांधलेलं. नाव, मोबाइल, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस. मागून येणारी प्रत्येक बाई आधीच्या पंचवीस जणींचे नंबर वाचू शकते, फोटोही काढू शकते. लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांचा डबा संध्याकाळी कुठे जातो, कधी विचारलंय? मीही तो डबा ठेवलेला आहे. आणि शेवटच्या दिवशी आवराआवर करताना होणारा तो संवाद: "तुझी यादी मला दे, माझी मी तुला देते, दोघींचाही फायदा." मी दोनदा दिली आहे. त्या यादीतल्या एका बाईला मग चादरीवाल्यांचे, विम्यावाल्यांचे, कसल्या कसल्या लोकांचे फोन आले असतील. तिने माझ्याकडून फक्त एक पोलकं घेतलं होतं, आणि तेही नातीसाठी.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सांगितलं होतं, की नंबर दिल्याशिवाय बिल नाही असा हट्ट गिऱ्हाइकाकडे धरू नका. तेव्हा आपण मॉलवाल्यांना नावं ठेवली होती. आपल्या रजिस्टरकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

आता बोरन्हाणाबद्दल. हा विषय मला सगळ्यात जास्त लागतो. संक्रांतीच्या आधी आया मला बाळाचा फोटो पाठवतात, डोक्याचा घेर कळावा, मुकुट नीट बसावा म्हणून. सोबत नाव, कारण हलव्याच्या हारात मधोमध नाव घालायचं असतं. कार्यक्रम झाला की काळं झबलं, हलव्याचे दागिने, भोवती बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, असा गोड फोटो येतो. मी तो लगेच स्टेटसला आणि पेजवर टाकायचे. नावासकट. 'आमची छोटी राधा, कोथरूड', अशा थाटात. आईने फोटो मला पाठवला होता, पेजसाठी दिला नव्हता. हा फरक सहा वर्षं माझ्या ध्यानात आला नाही. एका आईने फार संकोचून विचारलं, "ताई, तो फोटो काढता येईल का? आमच्याकडे कोर्टाचं चालू आहे." पुढचं तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याच रात्री मी पेजवरचे शंभरेक फोटो उतरवले. आता दागिन्यांचे फोटो पाटावर ठेवून काढते. कुणी स्वतःहून म्हणालं तरच बाळाचा फोटो लावते, आणि तोही नाव-गाव न लिहिता.

ब्लाऊजचंही तेच. घालून काढलेला फोटो गिऱ्हाईक कौतुकाने पाठवतं, फिटिंग दाखवायला. पैसे आल्याचे स्क्रीनशॉट आपण 'विश्वासू विक्रेती' म्हणून मिरवतो, त्यात समोरच्या बाईचं नाव, बँक, यूपीआय आयडी सगळं वाचता येतं. आपल्या सचोटीचा दाखला द्यायला तिचं बँकखातं कशाला हवं?

फराळवाल्या मैत्रिणींना एक खास सांगणं. दिवाळीत चकल्या-अनारसे न्यू जर्सीला आणि मेलबर्नला जातात तेव्हा कुरिअरवाले पाठवणाऱ्याचं ओळखपत्र मागतात. मग आईबाबा लोक आधारकार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर धाडतात. तो तुमच्या गॅलरीत उतरतो, गॅलरीतून क्लाउडवर चढतो, मुलाच्या हातात फोन असला की त्यालाही दिसतो. दिवाळी संपते, आधार तसंच राहतं. एका मैत्रिणीच्या फोनमध्ये आम्ही दोघींनी बसून शोधलं तर तीन दिवाळ्यांची आधारकार्डं निघाली. ती कुरिअरला दिली की त्याच दिवशी चॅटमधून, गॅलरीतून आणि गॅलरीच्या ट्रॅशमधूनही काढा. शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं. ते चालेल का, हे तुमच्या कुरिअरला आधी विचारून घ्या, आणि चालत असेल तर गिऱ्हाइकाला तेच मागा.

मी माझ्याकडे काय बदललं ते सांगते. सगळ्यांना जसंच्या तसं जमेल असं नाही.

शेऱ्याचा रकाना आधी काढून टाकला. डिलिव्हरीची सूचना असेल तर ती पार्सल निघेपर्यंत माझ्या मनात किंवा टेबलावरच्या कागदावर राहते, पार्सल पोचलं की कागद फाडते. शीट आता फक्त मी आणि पॅकिंगची एक मुलगी, दोघींच्याच ईमेलला उघडते. कुरिअरला रोजच्या पार्सलांपुरती माहिती जाते, अख्खी फाइल जात नाही. शिलाईवालीला नाव-फोन काहीच लागत नाही, तिला 'ब ४१७' एवढा नंबर आणि मापं लागतात. मापांची वही वेगळी ठेवली आहे, तिच्यात नावं नाहीत. नाव आणि नंबर यांची जोड माझ्याकडे कपाटात असते. माप जपून ठेवू का, हे मी प्रत्येकीला विचारते. बहुतेक जणी हो म्हणतात, कारण पुढच्या वेळी टेप घेऊन बसावं लागत नाही.

पार्सल पोचल्यावर ४५ दिवसांनी पत्ता आणि फोन शीटमधून उडवते. बदली-परतीचा काळ तोवर संपलेला असतो. बिलं मात्र उडवता येत नाहीत. ज्यांचा जीएसटी आहे त्यांना हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, हे हिशेबनिसांनी मला बजावून सांगितलं. म्हणून बिलांची फाइल निराळी केली, तिला पासवर्ड आहे, आणि तिच्यातून मी कधीही जाहिरातीसाठी नंबर उचलत नाही.

नव्या मालाची बातमी द्यायला मी ग्रुप करायचे. दोनशे बायकांचे नंबर एकमेकींना उघडे. आता ब्रॉडकास्ट लिस्ट आहे, तिच्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, आणि ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणजे ज्यांना खरंच हवंय त्यांनाच. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला. जुना फोन एक्स्चेंजला देण्याआधी पूर्ण रिसेट केला, आणि त्याआधी दोन फोन नुसतेच देऊन टाकले होते हे आठवून पोटात गोळा आला.

आणि खोकी! जुनी खोकी आपण पुन्हा वापरतो, वापरावीतच. पण त्यावरचं आधीचं लेबल? माझ्याकडून नागपूरला गेलेल्या एका पार्सलवर, नव्या लेबलच्या खालून रत्नागिरीच्या बाईंचा पूर्ण पत्ता आणि फोन डोकावत होता. परत आलेल्या पार्सलांची लेबलंही मी तशीच कचऱ्यात टाकत होते. आता काळा मार्कर टेबलावरच असतो, टेपच्या शेजारी.

कायद्याबद्दल थोडं बोलते, कारण त्यावरून उलटसुलट निरोप फिरतात आणि निम्म्या बायका घाबरून बसतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि आपल्याला लागू पडणाऱ्या बहुतेक तरतुदींना त्यात १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७. सगळे ज्याची भीती घालतात तो २५० कोटींचा आकडा खरा आहे, पण ती दंडाची कमाल मर्यादा आहे. दंड ठरवताना चूक किती गंभीर होती, किती काळ चालली, सावरायला काय केलं, हे बघायचं असं कायद्यातच लिहिलं आहे. दुसऱ्या बाजूला, 'आम्ही लहान, आम्हाला लागू नाही' असंही समजू नका. काही व्यवसायांना काही अटींतून सूट द्यायचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे, लहान म्हणून आपोआप सुटका मिळत नाही.

त्या कायद्यातल्या तीन गोष्टी मला आपल्या कामाच्या वाटल्या. पार्सलसाठी दिलेला नंबर जाहिरातीला वापरायचा तर वेगळं विचारायचं, आणि 'नको' म्हणणं 'हो' म्हणण्याइतकंच सोपं ठेवायचं. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी. बोरन्हाणाची बाळं त्यातच आली. आणि माहिती फुटली तर लपवायचं नाही, ज्यांची फुटली त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं. मंडळाला सविस्तर माहिती द्यायला ७२ तास आहेत. काकूंच्या बाबतीत मी हेच करायला हवं होतं. त्या आठवड्यात ज्यांची पार्सलं वाटेत होती त्या चाळीस जणींना 'असे फोन येत आहेत, लिंक उघडू नका' एवढा एक निरोप मी धाडायला हवा होता. मी धाडला नाही. धंद्याचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसले. चौथ्या दिवशी नाशिकच्या एका मुलीलाही तसाच फोन आला. ती हुशार निघाली, तिने फोन ठेवला. ते तिचं शहाणपण होतं, त्यात माझं काही नव्हतं.

तुमच्यातल्या काही म्हणतील, नंबर उडवले तर परत ऑर्डर कशी येणार? मलाही हीच भीती होती. माझ्यापुरतं सांगते: जिला खण आवडतो तिच्याकडे माझा नंबर असतो. माझ्याकडे तिचा असण्यापेक्षा हे कधीही भक्कम.

नव्या कायद्यात एक गोष्ट मला फार आवडली. गिऱ्हाइकाला द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. त्या यादीत मराठी आहे. तेव्हा वकिली इंग्रजीचा चार पानी मजकूर कुठूनतरी उचलून चिकटवू नका. कुणी वाचत नाही, आपणही नाही. मी ऑर्डर घेताना हे पाठवते:

"तुमचं नाव, पत्ता आणि फोन मी फक्त हे पार्सल पोचवण्यासाठी घेते आहे. कुरिअरला एवढंच कळवते. पार्सल पोचल्यावर ४५ दिवसांनी माझ्या यादीतून काढून टाकते, बिल तेवढं कायद्यानुसार ठेवते. माप ठेवू का? नवा माल आला की कळवू का? हो किंवा नको, काहीही कळवा, नंतर बदललं तरी चालेल. माझ्याकडून किंवा कुरिअरकडून तुम्हाला पैशांची लिंक कधीही येणार नाही. असा फोन आला तर ठेवा आणि मला याच नंबरवर विचारा."

हा मजकूर घ्या, तुमच्या मालाप्रमाणे बदला, खुशाल वापरा. माझं नाव लावायची गरज नाही. उटणंवालीला मापांची ओळ नको, फराळवालीने आधारची एक ओळ घालावी.

काकूंना मी हे पहिल्यांदा पाठवलं तेव्हा त्यांनी दोन्ही प्रश्नांना 'नको' असं उत्तर दिलं. मला वाईट वाटलं, पण मी दोन्ही काढून टाकलं. या संक्रांतीला त्यांचा फोन आला. पणतूचं बोरन्हाण आहे, मुकुट आणि बाजूबंद हवेत. पत्ता त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितला, मी पुन्हा पहिल्यापासून लिहून घेतला.

आपली,
खणवाली, सांगली